माळ्यावर नक्की किती वजन ठेवलं तर चालतं? (लाकडी कड्यांचा माळा)

पुस्तकवेडी
खाली जागाच उरली नाहीये म्हणून चाळीसेक खोकी पुस्तकं, जुन्या कागदपत्रांच्या फायली, गाद्या आणि एक लोखंडी कपाट असं सगळं माळ्यावर चढवायचं घाटतंय. माळा लाकडी आहे, म्हणजे या भिंतीवरून त्या भिंतीवर आडव्या कड्या, त्यावर फळ्या आणि खालून सिलिंग मारलेलं. वर चालताना मधोमध जरा झोका बसल्यासारखं वाटतं, बाकी करकर वगैरे नाही. ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो, एक म्हणतो टनभर ठेवा काही होत नाही, दुसरा म्हणतो वर पायसुद्धा ठेवू नका. खाली मुलं झोपतात त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये. जाणकारांनी एक आकडा सांगावा प्लीज.

रानवारा
एवढं घाबरायचं कारण नाही हो. आमच्याकडे माळ्यावर सामान ठेवायच्या आधी आम्ही चौघं जण मधोमध उभे राहून उड्या मारून बघितल्या होत्या, ढिम्म हललं नाही. चार माणसं म्हणजे तीनशे किलो झाले की. जुनं लाकूड दणकट असतं.

सुतारपक्षी
पुस्तकवेडी ताई, एक आकडा कोणीच देऊ शकणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आधी या गोष्टी मोजून इथे लिहा. कडीची रुंदी किती आणि उंची किती (उंची महत्त्वाची, उभी बाजू), दोन कड्यांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत किती, आणि कडी एका टेक्यापासून दुसऱ्या टेक्यापर्यंत किती लांब मोकळी आहे. मधे खालून एखादी भिंत किंवा तुळई आली आहे का तेही बघा. फळी उचलता येत असेल तर एक-दोन ठिकाणी उचला, नाहीतर माळ्याच्या तोंडाशी बाजूने कडी दिसतेच.

आणि एक करा. कडी ज्या बाजूने उघडी दिसते तिथे तिच्या खालच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधा आणि मध्यात दोऱ्यापासून कडी किती खाली आली आहे ते मोजा. कडी दोऱ्याला ढकलत असेल तर दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे लावून दोरा खाली घ्या, मध्यात दोरा आणि कडी यांच्यात किती अंतर उरलं ते मोजा आणि ते ठोकळ्याच्या जाडीतून वजा करा. माळ्याची तब्येत त्यावरून निम्मी कळते.

तुळई
मी बांधकामाच्या डिझाइनमध्ये काम करते. सुतारपक्षी यांनी मागितलेली मापं येईपर्यंत थोडं लिहिते, कारण रानवारा यांचा उड्यांचा मुद्दा जवळजवळ प्रत्येक घरात ऐकू येतो आणि तो धोकादायक आहे.

लाकूड दहा मिनिटं जेवढा भार पेलतं तेवढा दहा वर्षं पेलत नाही. अमेरिकेत लाकडाच्या डिझाइनचे जे नियम वापरतात त्यात साधारण दहा वर्षांच्या भाराला लाकडाची ताकद १ धरली तर दहा मिनिटांच्या भाराला ती १.६ धरायला परवानगी आहे. म्हणजे चार माणसं मिनिटभर उभी राहिली आणि काही झालं नाही, एवढ्यावरून तेच तीनशे किलो वर्षानुवर्षं तिथे पडून राहिले तर काय होईल ते कळत नाही. शिवाय कायमच्या भाराखाली लाकूड हळूहळू वाकत जातं. पहिल्या दिवशी १० मिमी वाकलेली कडी काही वर्षांत तेवढ्याच वजनाखाली १६ मिमीपर्यंत येते आणि दमट जागा असेल तर त्याहून जास्त. उडी मारून हे दिसणार कसं?

आता आकडेच हवे असतील तर वेगवेगळ्या ठिकाणचे नियम काय धरतात ते सांगते. अमेरिकेतल्या घरांच्या नियमात सामान ठेवायचंच नाही अशा माळ्याला चौरस फुटाला १० पौंड, म्हणजे चौरस मीटरला साधारण ५० किलो. थोडंफार सामान ठेवायच्या माळ्याला २० पौंड, म्हणजे १०० किलोच्या आत. राहण्याजोग्या माळ्याला ३० पौंड, म्हणजे दीडशेच्या जवळ. ब्रिटनमध्ये सिलिंगच्या वरच्या साध्या माळ्याला पूर्वापार चौरस मीटरला २५ किलो आणि त्याच्या जोडीला एका जागी ९० किलो (म्हणजे वर चढलेला एक माणूस) एवढंच धरत आले. भारतात आयएस ८७५ (इमारतींवर किती भार धरायचा ते सांगणारं भारतीय मानक) च्या भाग २ प्रमाणे राहत्या खोलीच्या जमिनीला चौरस मीटरला २०० किलो.

हे आकडे बघून लगेच तेवढं वजन वर टाकू नका. नवीन बांधताना डिझाइनरने किती धरायचं ते यात सांगितलंय. तुमचा माळा बांधणाऱ्याने काय धरलं होतं ते फक्त तुमच्या कड्या सांगू शकतात.

रानवारा
तुळई, लाकडाचं दहा मिनिटं-दहा वर्षं हे माहीत नव्हतं, पटलं. पण एक हिशोब बघा. चाळीस खोकी, एकेक २५ किलोचं धरलं तर १००० किलो. माळा समजा २० चौरस मीटर असेल तर मीटरला ५० किलोच पडतात. तुम्हीच सांगितलेल्या १०० च्या तर निम्मेच झाले ना?

तुळई
रानवारा, हा हिशोब खोकी माळाभर पातळ पसरली तरच खरा. पण खोकी तशी ठेवली जात नाहीत, एका कोपऱ्यात नाहीतर माळ्याच्या तोंडाजवळ, हात पोचेल तिथे, एकावर एक रचली जातात. पुस्तकांचं एक खोकं घ्या, ४० सेंमी लांब, ३० रुंद, ३० उंच. ठासून भरलं की २५ किलोच्या आसपास जातं. त्याच्या तळाचं क्षेत्रफळ फक्त ०.१२ चौरस मीटर. म्हणजे त्या जागेपुरता भार झाला चौरस मीटरला २०० किलोच्या वर, आणि हा नुसता एक थर. अशी तीन खोकी एकावर एक ठेवली की सहाशेच्या वर! त्याच आकाराचं गाद्या-चादरींचं खोकं सहा-सात किलोचं. म्हणून "किती खोकी" यापेक्षा "कशाची खोकी आणि कुठे" हे आधी विचारायचं.

कागद आणि पाणी या दोनच वस्तू माळ्याच्या खऱ्या वैरी. पाणी तर हिशोबाला अगदी सोपं, एक लिटर म्हणजे एक किलो, आणि भरलेल्या टाकीत अर्धा मीटर उंच पाणी असलं की तळाखालच्या दर चौरस मीटरवर ५०० किलो बसले.

पुस्तकवेडी
मोजलं सगळं. कडी ५० मिमी रुंद, १०० मिमी उंच. मध्यापासून मध्यापर्यंत ४०० मिमी. मोकळी लांबी बरोबर ४ मीटर. माळ्याची दुसरी बाजू ५ मीटर. दोरा बांधला तर मध्यात २० मिमीच्या आसपास झोळ आहे, जवळपास सगळ्या कड्यांना सारखाच. खालून एक भिंत येते पण ती मध्यापासून बरीच बाजूला आहे आणि वरपर्यंत टेकलेली दिसत नाही, सिलिंग आणि तिच्यात बारीक फट आहे. लाकूड कुठलं ते माहीत नाही, फिकट रंगाचं हलकं आहे, नखाने ओरखडा पडतो.

सुतारपक्षी
४ मीटरला १०० ची कडी? ती सामानासाठी टाकलेलीच नाहीये ताई, ती सिलिंग धरायला टाकली आहे. वर फळ्या नंतर कोणीतरी मारल्या असणार. कपाट तर विसराच.

तुळई
सुतारपक्षी यांनी अनुभवावरून जे ओळखलं तेच हिशोबानेही येतं. सविस्तर लिहिते, कारण वाचणाऱ्या बाकीच्यांनाही आपापल्या माळ्याचा अंदाज यावा.

कडी किती वाकते ते लांबीच्या चौथ्या घातावर ठरतं आणि कडीच्या उंचीच्या तिसऱ्या घातावर. म्हणजे भार तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर वाक सोळापट, आणि उंची दुप्पट केली तर वाक आठ पटीने कमी. रुंदी दुप्पट केली तर फक्त निम्मा. म्हणून सुतारपक्षी उंची उंची करत होते.

समजा एका घरात ५० बाय १५० ची कडी आहे, ३ मीटर लांब, अंतर हेच ४०० मिमी, आणि वर चौरस मीटरला १०० किलो ठेवले. साधं मऊ लाकूड धरून ती पावणेचार मिमी वाकते. काहीच नाही. आता तेच १०० किलो तुमच्या ५० बाय १०० च्या ४ मीटर कडीवर ठेवा, वाक येतो ४० मिमी! डोळ्यांना दोन्ही माळे वरून सारखेच दिसतात, फळ्यांवर फळ्या. साधारणपणे जमिनीसाठी लांबी भागिले ३६० एवढाच वाक चालवून घेतात, तुमच्या बाबतीत ११ मिमी. त्याच्या साडेतीनपटीच्या वर गेलो आपण.

आणि हे फक्त सामानाचं झालं. कड्या, फळ्या, खालचं सिलिंग यांचं स्वतःचं वजन चौरस मीटरला ३० किलोच्या आसपास असतं, त्याने कडी १२ मिमी वाकते आणि वर्षानुवर्षांच्या भाराने ती १९ पर्यंत जाते. तुम्ही दोऱ्याने मोजलेला २० मिमी झोळ तोच आहे. सगळ्या कड्यांना सारखा आहे हे उलट चांगलं लक्षण, एखादीच जास्त झुकली असती तर ती आतून खराब आहे असं समजले असते. पण याचा अर्थ तुमच्या कड्या स्वतःचंच ओझं वाहून जेमतेम उभ्या आहेत.

ताकदीचं बघितलं तर १०० किलो सामान अधिक ३० किलो स्वतःचं, याने कडीच्या मध्यात चौरस मिमीला साडेबारा न्यूटन ताण येतो. साध्या मऊ लाकडाला कायमच्या भारासाठी ५ ते ७ च्या आसपास धरतात. म्हणजे लगेच तुटेल असं नाही, पण जी राखीव ताकद गाठी, भेगा, ओल यांच्यासाठी ठेवलेली असते ती तुम्ही खाऊन टाकताय. खाली मुलं झोपतात म्हणालात, तर हे करू नका.

निळीशाई
मी या विषयातली नाही पण वाचतेय. पुस्तकवेडी, तुमच्या प्रश्नामुळे मी माझ्या घरच्या माळ्यावर चढून बघितलं, एका कडीला खालच्या बाजूने वायर नेण्यासाठी खाच मारली आहे, बोटभर खोल, जवळजवळ मध्यात. हे चालतं का?

सुतारपक्षी
अजिबात नाही. कडी वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, आणि मध्यात सगळ्यात जास्त. नेमकं तिथेच खालून कापलं म्हणजे ज्या धाग्यांवर सगळं लटकलंय तेच तोडले. शिवाय खाचेच्या कोपऱ्यातून आडवी भेग सुरू होते आणि ती दाण्याच्या दिशेने पळत जाते. खाच मारायचीच तर टोकाच्या तिसऱ्या हिश्श्यात, उंचीच्या सहाव्या भागापेक्षा खोल नाही. वायरसाठी खाचेपेक्षा गिरमिटाने भोक पाडावं, कडीच्या उंचीच्या मधोमध, कारण तिथे ताणही नसतो नि दाबही. भोक उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा मोठं नको.

तुमच्या कडीची उंची १५० असेल आणि खाच साधारण ३५-४० ची, तर तिथे पाऊणच्या आत उंची उरली. ताकद उंचीच्या वर्गावर जाते, म्हणजे जवळपास निम्मीच राहिली. त्या कडीवरचं सामान आज बाजूला करा आणि जोडकडी मारून घ्या.

निळीशाई
केलं बाजूला. जोडकडी म्हणजे शेजारी दुसरी लावायची तीच ना?

सुतारपक्षी
हो. त्याच उंचीची, पूर्ण लांबीची, आणि दोन्ही टोकं भिंतीवर नीट टेकलेली. लोक मधेच मीटरभराचा तुकडा खिळ्यांनी ठोकतात, त्याने मनाला बरं वाटतं एवढंच. दोन्ही कड्या बोल्टने आवळायच्या, आणि त्याआधी खालून टेकू लावून जुना झोळ हळूहळू वर घ्यायचा, एका दिवसात नाही. झोळ तसाच ठेवून जोड मारली तर जुनं वजन जुनीच कडी वाहत राहते.

साधाप्रश्न
माझा माळा सिमेंटचा आहे, खोलीच्या भिंतीतून पुढे आलेला, खालून आधार नाही. त्याला हे सगळं लागू होतं का?

तुळई
वजनाचा अंदाज घ्यायची रीत तीच, पण वागणूक वेगळी. एका बाजूनेच धरलेल्या स्लॅबमध्ये ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते. ओतताना मजुरांच्या पायाखाली ती दबून खाली गेली असेल तर बाहेरून काहीच कळत नाही आणि ताकद मात्र बरीच गेलेली असते. काँक्रीटचं स्वतःचं वजनच घनमीटरला अडीच टन, म्हणजे ७५ मिमी जाड माळा असेल तर रिकामा असतानाच चौरस मीटरला १९० किलोच्या घरात. अशा माळ्यावर जड वस्तू भिंतीला चिकटून ठेवा, बाहेरच्या कडेला कधीच नाही. वरच्या बाजूला, भिंतीच्या अगदी लगत लांब भेग दिसली, किंवा खालून गंजाचे डाग आणि पोपडे दिसले, तर माळा रिकामा करून इंजिनिअरला दाखवा. लाकूड झुकून, करकरून इशारा तरी देतं. असा स्लॅब फारसा इशारा देत नाही.

रानवारा
मग पुस्तकवेडी यांनी करायचं काय? रिकामाच ठेवायचा का माळा?

तुळई
नाही, तेवढंही नाही. वजन टेक्याच्या जितकं जवळ तितका कडीवर वाकवणारा जोर कमी. ४ मीटरच्या कडीवर एखादं वजन मध्यात ठेवलं तर जो जोर येतो, तेच भिंतीपासून ४० सेंमीवर ठेवलं तर साधारण तिसरा हिस्सा. म्हणून दोन्ही भिंतींना लागून पुस्तकांच्या खोक्यांची एकच ओळ, एकच थर, एका कडीवर एका टोकाला एकच खोकं, एवढं मला ठीक वाटतं. मधला पट्टा गाद्या, चादरी, रिकाम्या बॅगा असल्या हलक्या गोष्टींना, तेही विरळ. ५ मीटर बाजूला ४० सेंमीची खोकी दोन्हीकडे मिळून चोवीसेक बसतात. उरलेली पुस्तकं खाली ठेवा, जमिनीवर, भिंतीलगत.

पण त्याआधी टोकं तपासायची. कडी जिथे भिंतीत शिरते तिथेच ओल धरते आणि वाळवीही तिथूनच येते. टोचा किंवा स्क्रू ड्रायव्हर घेऊन टोकाशी दाबून बघा. चांगलं लाकूड टोचा अडवतं, कुजलेल्यात तो सहज आत जातो आणि बाहेर काढला की भुसा येतो. असं एकाही टोकाला झालं तर भिंतीजवळचा माझा सल्ला रद्द, कारण भिंतीजवळच्या सामानाचा सगळा भार त्या टोकावरच येणार.

पुस्तकवेडी
खूप आभार, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. टोकं बघितली, एका कोपऱ्यातल्या दोन कड्या सोडून बाकी टणक आहेत. त्या दोन ओलसर लागतात, वर छपरातून पाणी झिरपत असावं. तो कोपरा रिकामा ठेवतेय आणि आधी गळती बघते. कपाट वर जाणार नाही हे घरी सांगून टाकलं, थोडी नाराजी आहे पण ठीक आहे. पुढेमागे माळा मजबूत करायचा झाला तर सगळ्या कड्यांना जोडकड्या मारायच्या का?

तुळई
सगळ्यांना जोडकडी मारली तर वाक निम्मा होईल, म्हणजे १०० किलोला ४० चे २० मिमी. तुमच्या लांबीला तेही जास्तच. खरा फायदा लांबी तोडण्यात आहे. मध्यात एक तुळई आडवी टाकून तिची टोकं भक्कम भिंतींवर किंवा खांबांवर घेतली तर ४ मीटरचे दोन-दोन मीटर होतात आणि वाक सोळा पटीने कमी, १०० किलोला अडीच मिमी. ती तुळई किती जाड, तिच्याखालची भिंत आणि पाया ते ओझं घेईल का, हे मात्र जागेवर येऊन बघणाऱ्या इंजिनिअरनेच ठरवायचं. खालची ती फट असलेली भिंत परस्पर आधार समजू नका. पाचर मारून कडी तिच्यावर टेकवायचा मोह होतो, पण ती नुसती आडोशाची भिंत असेल तर तिच्याखाली पायाच नसतो.

दुसरा मार्ग, जुन्या कड्यांच्या मधल्या जागेत नव्या जास्त उंच कड्या, जुन्यांना न टेकवता, त्यांच्या खालच्या कडा सिलिंगपासून थोड्या वर. नवी जमीन नव्या कड्यांवर, सिलिंग जुन्यांवर. मग वर कितीही वावर झाला तरी खालच्या सिलिंगला तडे जात नाहीत.

साधाप्रश्न
अजून एक विचारतो. भावाच्या घरी छप्पर कारखान्यात बनवलेल्या लाकडी कैच्यांचं आहे, पत्र्याच्या दातेरी पट्ट्या ठोकून जोडलेल्या, मधे तिरकी लाकडं. त्याला वर शिडी घ्यायला भोक पाडायचंय, मधलं एक तिरकं लाकूड आड येतंय. तेवढं एक कापलं तर?

सुतारपक्षी
हात लावू नका म्हणावं! कैचीतलं एकही लाकूड शोभेचं नसतं. खालचं आडवं लाकूड सिलिंगही धरतं आणि दोन्ही भिंती बाहेर फाकू नयेत म्हणून ताणही घेतं, आणि तिरकी लाकडं छपराचा भार त्याच्यापर्यंत आणतात. म्हणूनच ती एवढी बारीक असून चालतात. एक कापलं की त्या कैचीचा भार शेजारच्या दोघींवर जातो, त्या त्यासाठी बनवलेल्याच नसतात. दोन कैच्यांच्या मधे जेवढी जागा मिळते तेवढंच तोंड करा, अरुंद शिडी मिळते. मोठंच हवं असेल तर कैच्या बनवणाऱ्याकडून किंवा इंजिनिअरकडून बदललेलं ड्रॉइंग घेऊन मगच करवत काढायची. आणि सामानाचंही विचारून घ्या, बऱ्याच कैच्या सामानासाठी मोजलेल्याच नसतात.

साधाप्रश्न
आजच फोन करतो त्याला. सुतार उद्या सकाळी येणार होता.